अधिवृक्क-अर्बुदजन्य हृद्दौर्बल्य : उपद्रवांचे पूर्वानुमान व वैद्याचे कर्तव्य

चरकसंहितेत वातज हृद्रोगाचे हेतू सांगताना शोकाचा उल्लेख प्रारंभीच येतो. मनाच्या आघाताने हृदय विकल होते, ही कल्पना म्हणूनच आपणांस नवीन नाही. जपानी वैद्यकतज्ज्ञांनी १९९० मध्ये अशाच एका विकृतीचे वर्णन केले. तीत हृदयाच्या डाव्या निलयाचे अग्र फुगते व मुळाकडील भाग जोराने आकुंचन पावतो. हा आकार ऑक्टोपस धरण्याच्या मडक्यासारखा दिसल्यामुळे तिला ‘ताकोत्सुबो’ हे नाव मिळाले. छातीतील वेदना व ईसीजी हृदयविकाराच्या झटक्यासारखे असतात. मात्र हे हृद्दौर्बल्य रोहिणीतील अडथळ्याने आलेले नसते.

शोक नसतानाही हीच अवस्था उत्पन्न करणारे एक कारण म्हणजे अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातील फिओक्रोमोसायटोमा हे अर्बुद. पूर्वीच्या काही निदान-निकषांनी अशा रुग्णांना ताकोत्सुबोतून वगळले होते. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी हे अर्बुद त्याचे एक कारण म्हणून स्वीकारले. संहितांत या अर्बुदाचे स्वतंत्र वर्णन नाही आणि ओढूनताणून नाव जुळवू नये, असे आमचे मत आहे. उपद्रवांचा विचार आधीच करण्याची आपली शिस्त मात्र येथे पूर्णतः उपयोगी पडते.

उपद्रव अधिक का?

सामान्य ताकोत्सुबोत तणावासरशी अ‍ॅड्रेनॅलिनवर्गीय स्रावांची लाट येते व ओसरते. अर्बुदात हा स्राव पुनःपुन्हा रक्तात ओतला जातो. त्यामुळे केवळ अग्रच नव्हे, तर निलयाचे मूळ किंवा संपूर्ण निलय विकल होण्याचे प्रमाण येथे अधिक आढळते. फुप्फुसात पाणी साचणे, हृदयजन्य शॉक, घातक अनियमित स्पंदने, तसेच निलयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होणे, हे प्रमुख उपद्रव होत.

पूर्वानुमानाची चिन्हे

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत १७५० ताकोत्सुबो रुग्ण होते व त्यांत सुमारे ९० टक्के स्त्रिया होत्या. पाचांत एकाहून किंचित अधिक रुग्णांना रुग्णालयात गंभीर उपद्रव झाले. त्यांची पूर्वसूचना देणारे घटक असे :

१) मानसिक नव्हे, तर शारीरिक कारण;
२) तीव्र मेंदूविकार वा मनोविकार;
३) दाखल होताना ट्रोपोनिन सामान्य मर्यादेच्या १० पटींहून अधिक;
४) हृदयाची उत्क्षेपणक्षमता (इजेक्शन फ्रॅक्शन) ४५ टक्क्यांहून कमी.

पुढील अभ्यासांत पुरुष असणे व उजव्या निलयाचाही सहभाग असणे ही चिन्हेही प्रतिकूल ठरली. अर्बुदाच्या रुग्णात पहिला घटक मुळातच उपस्थित असतो. म्हणून त्याची गणना आरंभापासून अधिक धोक्याच्या गटात करावी. हे रुग्ण सामान्य ताकोत्सुबोच्या रुग्णांहून बहुधा तरुण असतात. वय कमी म्हणून निर्धास्त राहणे येथे घातक ठरते.

संशय केव्हा घ्यावा?

डोकेदुखी, भरपूर घाम व धडधड ही त्रयी वेगाने येते व जाते. रक्तदाब अकस्मात चढतो, कधी तितक्याच वेगाने कोसळतो. ‘घाबरटपणा’ म्हणून असा रुग्ण परत पाठविला जातो. या त्रयीस श्वासकष्ट, छातीतील वेदना वा मूर्च्छा यांची जोड मिळाली, तर अवस्था आत्ययिक समजून त्यास हृद्रोग-अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. निदानासाठी तेथे रक्तातील वा २४ तासांच्या मूत्रातील मेटानेफ्रिन तपासतात.

वैद्य व औषधविक्रेते यांनी पाळावयाचे पथ्य

सोमकल्पातील इफेड्रिन या स्रावांस उत्तेजन देते, तर कपिकच्छूतील एल-डोपामुळे तपासणीचा अर्थ लावताना घोटाळा होऊ शकतो. यष्टीमधूच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. ताकोत्सुबोत ईसीजीवरील क्यूटी अंतर लांबलेले असता हे स्पंदनांच्या दृष्टीने धोक्याचे आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील अभ्यास जगापुढे मांडला, याचा आपणांस अभिमान आहे; तथापि कोसळू शकणाऱ्या रक्तदाबात असे दीर्घकाळ परिणाम करणारे औषध देऊ नये.

मेटोक्लोप्रमाइड, स्टेरॉइड व चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या यांनी स्रावांचा उद्रेक होऊ शकतो. स्टेरॉइडची भेसळ असलेली बिननावाची चूर्णे या कारणानेही दुकानात ठेवू नयेत. अल्फा-रोधकाआधी केवळ बीटा-रोधक दिल्यास रक्तदाब भडकतो; म्हणून धडधडीसाठी घरी उरलेली गोळी देण्याचा सल्लाही टाळावा.

रुग्णासोबतच्या चिठ्ठीत रक्तदाबाच्या वेळेनिशी नोंदी व घेतलेल्या सर्व औषधांची, आपल्या कल्पांसह, यादी द्यावी. शस्त्रक्रियेपूर्वी साधारणतः ७ ते १४ दिवस अल्फा-रोधक देऊन नंतर अर्बुद काढतात. संकटकाळ निभावल्यास हृदयाची शक्ती बहुधा काही दिवसांत ते आठवड्यांत परत येते. साध्य व्याधी केवळ विलंबाने असाध्य होऊ नये, एवढी दक्षता आपल्या हाती निश्चित आहे.