पूर्तकर्म आणि शहरातील सावली

धर्मशास्त्रात सत्कर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन प्रकार सांगितले आहेत. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, तलाव, धर्मशाळा, उपवन ही पूर्त. मत्स्यपुराणात वृक्षप्रतिष्ठेचा स्वतंत्र विधी आहे. पूर्तकर्माच्या शेवटी शास्त्रकार उत्सर्ग करावयास सांगतात. हा शब्द वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. दानाला घेणारा ठरलेला असतो. उत्सर्गात वस्तूवरील स्वामित्व सोडून ती सर्व प्राणिमात्रांसाठी मोकळी करावयाची असते. कर्त्यालाही तिचा उपभोग घेता येतो, पण इतरांइतकाच. या दृष्टीने पाहता बंगल्याच्या कुंपणाआड लावलेला आंबा ही बागायत झाली, पूर्त नव्हे.

याचे उदाहरण शोधण्यास हैदराबादबाहेर जावयास नको. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर येऊन हजारो माणसे दगावली. त्या दिवशी अफजलगंजातील एका चिंचेवर चढून सुमारे १५० जण वाचले, असे सांगतात. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. फांदी धरणाऱ्याचे नावगाव विचारावयास तेथे कोणी माळी उभा नव्हता.

आता आजची स्थिती पाहू. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे हैदराबादचे वनाच्छादन २०११ साली ३३.१५ चौरस किलोमीटर होते, ते दहा वर्षांत ८१.८१ चौरस किलोमीटर झाले. राज्याने २०१५ साली 'हरितहारम' ही योजना आरंभिली होती. शहरास २०२२ साली जागतिक हरित नगर पुरस्कारही मिळाला. हे भूषणावह आहे, यात संशय नाही. परंतु एकूण बेरजेवरून झाड कोणाच्या दारात आहे हे कळत नाही. कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यान सुमारे ३९० एकरांचे, पण ते जुबिली हिल्स आणि बंजारा हिल्स यांच्या शेजारी. शाहअलीबंडा किंवा याकुतपुऱ्यातील रहिवाशाने तेथे जावयाचे म्हणजे नदी ओलांडून शहराचे दुसरे टोक गाठावयाचे. त्याच्या गल्लीत भर वैशाखात फुलांची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला सावली मिळते ती दुकानाच्या पत्र्याची, आणि तो पत्रा दुपारी स्वतःच तापतो.

वटपौर्णिमेस वडिलांच्या हाताखाली पूजेची मांडणी करताना मी दरवर्षी पाहतो की, बऱ्याच भगिनी बाजारातून विकत आणलेली वडाची फांदी घेऊन येतात. दोष त्यांचा नाही. घराजवळ वड उरला नाही. पण ज्याची पूजा करावयाची त्याचीच फांदी त्यासाठी तोडली जाते, हे मनाला खुपते.

डच वनतज्ज्ञ सेसिल कोनायनेंडाइक यांनी २०२१ साली एक सोपे माप सुचविले: प्रत्येक घरातून निदान ३ झाडे दिसावीत, प्रत्येक वस्तीवर ३० टक्के वृक्षछाया असावी, आणि उद्यान ३०० मीटरांच्या आत असावे. या मापाचा गुण असा की, ते शहराला नव्हे, घराला आणि वस्तीला लावावयाचे आहे. आपण आपल्या गच्चीवर उभे राहून मोजावे. मग मंदिरात कामास येणाऱ्यांच्या वस्तीत जाऊन मोजावे. माझ्या मते आपल्या मंडळाने पुढील रोपे मंदिराच्या प्रांगणात मुळीच लावू नयेत. तेथे छाया पुरेशी आहे.

वनमहोत्सव १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी सुरू केला. तेव्हापासून रोपे लावणाऱ्यांची वाण कधी पडली नाही, पडते ती जगविणाऱ्यांची. जुन्या गल्ल्यांत दोन फूट खणले की ग्रॅनाइटचा खडक लागतो, नाहीतर पाण्याचा नळ. वर विजेच्या तारा. वड-पिंपळ तेथे लावू नयेत, त्यांची मुळे भिंती फोडतात. बकुळ, करंज, बहावा बरे. कडुनिंब उत्तम, पण २०२१ साली तेलंगणात रोगाने कडुनिंबांचे शेंडे वाळले होते, यास्तव एकाच जातीची रांग नको. झटपट वाढणारा परदेशी कोनोकार्पस तर नकोच. त्याच्या परागाने श्वासाचे विकार बळावतात म्हणून गुजरातच्या वनखात्याने २०२३ साली त्याची लागवड बंद केली. बुंध्याभोवती सिमेंट न ओतता माती उघडी ठेवावी.

पहिली दोन-तीन वर्षे माघापासून मृगापर्यंत पाणी घालावे लागते. अभिषेकाच्या पाळ्या आपण घरोघरी वाटतो, तशा पाण्याच्याही वाटाव्यात. मात्र निम्म्या पाळ्या त्या गल्लीतील घरांकडेच असाव्यात, मग ती घरे कोणाचीही असोत. ज्याने तीन उन्हाळे पाणी घातले, त्यालाच कुऱ्हाड घेऊन आलेल्यास अडविण्याचा धीर होतो. झाड तोडावयाचे झाल्यास २००२ च्या जल, भूमी व वृक्ष कायद्यान्वये परवानगी लागते, हेही त्या घरांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.