शी नव्हे, शू मोजा

रात्री पावणेदोनला फोन वाजतो. पलीकडे आईचा आवाज कापरा झालेला असतो. "डॉक्टर, आठव्यांदा झाली हो, अगदी पाण्यासारखी!" मागून बाबा दुरुस्ती करतात, "नववी." त्यांच्याही मागून आजी म्हणतात, "दात येताहेत, दुसरं काही नाही." मी विचारते, "बाळाने शू कधी केली?" आणि फोनवर एकदम शांतता पसरते. शीचा हिशेब वेळेसकट तोंडपाठ असतो. शूचा मात्र घरात कुणाकडेच नसतो.

आई-बाबांनो, आज तुमच्याशी या राहून गेलेल्या हिशेबाबद्दलच बोलायचं आहे. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये जुलाब-उलट्यांचं दुखणं बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतं आणि आपलं आपण बरं होतं. मूल दगावण्याचा धोका असतो तो शरीरातलं पाणी आणि मीठ संपल्यामुळे. पाणी पुरतंय की नाही, हे सांगते ती शू. सहा-आठ तासांत मुलाला एकदाही शू झाली नाही, तर जुलाब तीन असोत की तेरा, डॉक्टरांकडे निघायला हवं. जुलाब दहा झाले, पण शू नेहमीसारखी होतेय, मूल पितंय आणि खेळणं मागतंय, तर तुमचं काम चोख चाललं आहे.

हा हिशेब डायपरमध्ये बुडतो, हेही खरं. पातळ शी आणि शू एकत्र झाली की काहीच कळत नाही. म्हणून या दोन-तीन दिवसांपुरता डायपर बाजूला ठेवून जुना सुती लंगोट काढा. धुणं वाढेल, पण शू झाली की दिसेल.

आता आत काय चाललेलं असतं ते पाहू. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नरस आणि पाणी शोषून घेणं हे तिचं काम. रोटाव्हायरससारखा विषाणू नेमका या लवेवर बसतो आणि तिची टोकं झिजवतो. शोषणारंच कमी झालं की पाणी वाहून जातं. आधी ताप आणि उलट्या, मग जुलाब, असा बहुतेकदा क्रम असतो. उलट्या एक-दोन दिवसांत आवरतात. जुलाब मात्र पाच-सात दिवस चालू शकतात. नवी लव यायला तेवढा वेळ लागतोच. म्हणून तिसऱ्या दिवशी "अजून थांबत नाही, औषध बदलून द्या" असं तुम्ही म्हणता, तेव्हा माझ्याकडे बदलायला काही नसतं. अँटिबायोटिक जंतूंवर चालतं, विषाणूवर नाही. उलट त्यानेच पोट आणखी बिघडू शकतं. आणि मोठ्या माणसांची जुलाब थांबवायची गोळी अर्धी करून तर मुळीच देऊ नका. तिने आतडं सुस्तावतं, पोट फुगतं, पाणी आतल्या आत साठतं आणि आपल्याला वाटतं, जुलाब थांबले.

मग औषध काय? ओआरएस आणि झिंक. एवढंच सांगितलं की काही पालकांचा चेहरा पडतो. "म्हणजे नुसतं मीठ-साखरेचं पाणी?" त्यांना मी 1971 सालची गोष्ट सांगते. बांगलादेशाच्या लढ्यातले निर्वासित पश्चिम बंगालमध्ये लोटले होते आणि सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ उसळली होती. डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाइन संपत आली. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज ठरल्या प्रमाणात पाण्यात कालवून पिंपं भरून ठेवली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तिथे ज्यांच्या हातून जीव वाचले, ती तुमच्यासारखीच घरची माणसं होती.

यामागचं शास्त्रही सोपं आहे. आतडं आजारी असलं तरी एक दार उघडं राहतं. त्यातून मीठ आणि साखर हातात हात घालून आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. नुसत्या पाण्याने मीठ भरून निघत नाही. साखर जास्त झाली तर ती आतड्यातच पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणून कोल्ड्रिंक नको, डब्यातला रस नको. दुकानात खोक्यांत मिळणारी गोड पेयं ओआरएस म्हणून देऊ नका. 2025 च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाईच केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते वाचा. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं 200 मिलिलिटरचं. जे असेल ते एकाच वेळी पूर्ण पाण्यात घाला. "आज अर्धं, उद्या अर्धं" केलं की प्रमाण चुकतं. वरून साखर नको, दुधात कालवणं नको. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. पाकीट नसेल आणि दुकानं बंद असतील, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. सकाळी पाकीट आणाच.

"पण पाजलं की ओकतं!" ही खरी अडचण. तहानलेल्या मुलाला आपण पेला देतो, ते घटाघट पितं आणि सगळं बाहेर येतं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा. मग वाटी-चमचा घेऊन बसा. दर दोन मिनिटांनी एक चहाचा चमचा दिला, तरी तासाभरात 150 मिलिलिटर पोटात जातं. काम कंटाळवाणं आहे, म्हणून पाळ्या लावा: एक तास आई, एक तास बाबा. उलट्या थांबल्या की दर पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिलिलिटर, त्याहून मोठ्याला 100 ते 200.

झिंकचं नाव पालक विसरतात, कारण जुलाब थांबले की बाटली कोनाड्यात जाते. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10, असं पूर्ण 14 दिवस द्यायचं. आतड्याची डागडुजी लवकर होते आणि पुढचे दोन-तीन महिने जुलाब उलटण्याची शक्यताही कमी होते.

आता आजींशी दोन शब्द. आजी, तुमची मीठ घातलेली पेज, मऊ भात, डाळीचं पाणी, कुस्करलेलं केळं, ताज्या दह्याचं ताक, हे सगळं मला हवंच आहे. फक्त "पोटाला विश्रांती" म्हणून मुलाला उपाशी ठेवू नका. नवी लव अन्नावरच वाढते. अंगावरचं दूध तर एक वेळसुद्धा बंद नको. आणि दातांवर आळ घेऊ नका. दात यायच्या वयातच मूल रांगायला लागतं, चपलेपासून किल्लीपर्यंत सगळं तोंडात घालतं. जुलाब तिथून येतात.

तापासाठी पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबाने, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. थेंबांचं औषध सिरपपेक्षा कितीतरी कडक असतं. एका बाटलीचं माप दुसरीला लावू नका.

घरी थांबायचं नाही ते केव्हा, हेही पक्कं करू. शीमध्ये रक्त दिसलं, उलटी हिरवी झाली, पोट फुगलं, मूल मलूल पडलं किंवा पिणंच सोडलं, झटका आला. डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, टाळू खाली बसली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू जागेवर गेली. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 अंशांवर ताप असेल, तरी लगेच निघा. वाटेत चमचा चालू ठेवा.

आणि पुढच्या खेपेसाठी: रोटाव्हायरसची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात तोंडावाटे देतात. पावसाळ्यात आपण पाणी उकळतो आणि थंडीत निर्धास्त होतो. पण आपल्याकडे हा विषाणू थंडीतच जास्त फिरतो. लंगोट बदलल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुणं बाराही महिने हवं.

त्या पावणेदोनच्या फोनवर मी एवढंच सांगितलं, "लंगोट बांधा, वाटी-चमचा घ्या, आणि शू झाली की कळवा." पहाटे पाचला मोबाइलवर एक फोटो आला. बाळाचा नव्हता, ओल्या लंगोटाचा होता. खाली बाबांनी लिहिलं होतं, "झाली!" मी कूस बदलून झोपले.