नवसागर : शब्द आणि पदार्थ

तांब्यापितळेच्या भांड्यास कल्हई करताना कारागीर ते तापवितो, नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो आणि कथील फिरविताच भांडे आतून उजळते. स्टीलची भांडी आल्यापासून कल्हईवाला दुर्मीळ झाला. तरी बीड, पाटोदा व केज यांकडील वाटा जेथे मिळतात त्या मांजरसुंब्यासारख्या गावी घरोघरच्या आज्यांना तो आठवत असेल. पाठाचा आरंभ त्या आठवणींपासून करावा.

या क्षाराच्या नावात सागर कसा, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. ‘नऊ समुद्रांचे मीठ’ असे सांगून मोकळे होणे सोपे, परंतु ते खरे नव्हे. मूळ शब्द फारसी ‘नौशादर’. संस्कृत रसग्रंथांतील ‘नवसादर’, ‘नवसार’ ही त्याचीच रूपे मानली जातात. अनोळखी शब्दाचा शेवट लोकांनी ओळखीच्या ‘सागरा’शी जुळवून घेतला, इतकेच. बीड जिल्हा १९४८ पर्यंत उर्दू राजभाषा असलेल्या हैदराबाद संस्थानात होता; उर्दूत या पदार्थास आजही नौशादरच म्हणतात.

त्याचे जुने नाते समुद्राशी नसून चुलीशी व भट्टीशी आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात विटा भाजताना मिळणाऱ्या या क्षारास ‘चूलिकालवण’ म्हटले आहे. मिसर देशात तो उंटांच्या लेंड्या जाळून जमणाऱ्या काजळीपासून काढीत. युरोपीय नावात मात्र देव शिरला. लिबियाच्या वाळवंटात आमोन देवाचे मंदिर होते. तेथील मिठाचे नाव पुढे या क्षारास मिळाले. त्यावरून १७८२ मध्ये बर्गमन या स्वीडिश रसायनज्ञाने त्यातील उग्र वायूस ‘अमोनिया’ म्हटले. नवसागराचे शास्त्रीय नाव अमोनियम क्लोराइड.

उष्णतेने त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. दुसरा वायू आम्लधर्मी असल्याने धातूवरील काळपट थर निघतो व कथील चिकटते. वर गेलेले वायू थंड होऊन पुन्हा एकत्र येतात. तोच पांढरा धूर.

वर्गात भट्टी नको. खिडक्या उघड्या ठेवून बशीत चिमूटभर नवसागर व तितकाच विरलेला चुना काडीने कालवावा. हळदीने रंगविलेला ओला कागद मिश्रणास न टेकविता वर धरावा. तो लालसर होईल. चुन्याचा स्पर्श झाल्यासही कागद लाल होतो, म्हणून शिक्षकाने तो स्वतः धरावा. मुलांना बशीवर नाक नेऊ देऊ नये. वास दूरूनही येतो.