पशुधन पर्यवेक्षक काय काय शिकतो?

आपल्या गावात पिशवी घेऊन कोणीही गोठ्यात आले की आपण त्यांना डॉक्टर म्हणतो. पण त्यांच्यात दोन प्रकार असतात. एक खरे पशुवैद्यकीय डॉक्टर आणि दुसरे पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे डॉक्टरांचे मदतनीस.

डॉक्टर व्हायला बारावी सायन्सनंतर साडेपाच वर्षे लागतात. त्यातले शेवटचे एक वर्ष नुसते प्रत्यक्ष काम असते. मुंबईचे गुरांच्या डॉक्टरांचे कॉलेज १८८६ साली निघाले. परभणीचे १९७२ साली आणि उदगीरचे १९८७ साली. उदगीर आता लातूर जिल्ह्यात आहे. १५ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याच्या आधी उदगीर आपल्याच जिल्ह्यात होते.

पर्यवेक्षकाचे शिक्षण लहान असते. माझ्या चुलत्यांचा मोठा मुलगा, म्हणजे आमचा दादा, दहावीनंतर दोन वर्षे ते शिकला. त्याला पदविका म्हणतात. ती नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची आहे. दादा आता १९६२ नंबरच्या गाडीवर काम करतो. त्या गाडीत डॉक्टर, मदतनीस आणि ड्रायव्हर असतात. दिवाळीत तो घरी आला तेव्हा मी त्याला विचारून विचारून हे लिहिले आहे.

मला वाटायचे की तिथे पहिल्या दिवशी सुई टोचायला शिकवतात. पण दादा म्हणला, आधी जनावर धरायला शिकवतात. गाय खोड्यात कशी घ्यायची, मागच्या पायाच्या टप्प्यात का उभे राहायचे नाही, शेळीला भिंतीला टेकवून कसे धरायचे. जनावर धरता आले नाही तर पुढचे सगळे शिक्षण वाया जाते.

मग बघायला शिकवतात. गाय आजारी आहे हे तिला सांगता येत नाही, म्हणून आपणच बघायचे. रवंथ करते का? नाकपुडी ओली आहे का? शेण कसे आहे? डाव्या कुशीत मूठ दाबून धरली की आतले कोठीपोट हललेले हाताला कळते. मिनिटाला एकदा-दोनदा हलते. हलत नसेल तर बिघाड आहे. मी आमच्या गाईला मूठ लावून बघितली. खरंच हलते! गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात, त्यातला हा सगळ्यात मोठा.

ताप शेपटीखाली थर्मामीटर घालून मोजतात. यात हसण्यासारखे काही नाही. माणसाचे अंग ९८.६ अंश असते, गाईचे साधारण १०१.५ आणि शेळीचे त्याहूनही जास्त. म्हणजे आपल्याला ताप चढल्यावर जेवढे अंग तापते तेवढे गाईचे रोजच असते.

दात बघून वय सांगायलाही शिकवतात. गाईला वरच्या बाजूला पुढचे दात नसतात, खालीच आठ असतात. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि जुळलेला. हे आमच्या आबांना बाजारात फिरून फिरून अगोदरच येते. आबा म्हणाले, "एवढ्यासाठी फी कशाला भरली रं?" सगळे हसले.

पण दोन गोष्टींवर आबांचे आणि दादाचे भांडण झाले. एक म्हणजे डागणी. पाय लंगडला, मान सुजली की तापल्या सळईने डाग द्यायचा, असे आबांचे मत. दादा म्हणतो, त्याने आजार जात नाही, जखम मात्र होते. आबांना राग आला. ते दोन दिवस दादाशी नीट बोलले नाहीत. दुसरी गोष्ट नाळीने औषध पाजायची. आपल्याकडे जीभ ओढून, तोंड आभाळाकडे करून ओततात. तसे केले की औषध श्वासनळीत जाते आणि जनावर औषधानेच मरते. तोंड थोडेसेच वर धरायचे, गालाच्या कडेने हळूहळू ओतायचे, ठसका लागला की लगेच सोडायचे. हे आबांनी ऐकले, पण कबूल काही केले नाही.

आता सगळ्यात भीतीची गोष्ट. गाईच्या तोंडातून लाळ गळते आणि तिला गिळता येत नाही, तेव्हा घशात काही अडकले असेल म्हणून माणसे आत हात घालतात. तिला पिसाळलेले कुत्रे चावलेले असले तर तो रोग लाळेतून माणसाला होतो आणि मग माणूस वाचत नाही. म्हणून मदतनिसाला शिकवतात की उघडा हात तोंडात घालायचा नाही. आईवडिलांनी हे जरूर वाचावे.

लस देणे हे पर्यवेक्षकाचे मोठे काम. पावसाळ्याच्या आधी घटसर्प आणि फऱ्याची, शेळ्यांना पीपीआरची. लस बर्फाच्या डब्यात २ ते ८ अंशात ठेवतात. उन्हात राहिली तर तिचा गुण जातो. २०२२ साली लम्पी आला तेव्हा मी पहिलीत होते. जनावरांचे बाजार बंद झाले होते. त्या वेळी गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचली. आबांच्या लहानपणी बुळकांडी यायची आणि गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. गावोगाव लस टोचून टोचून तो रोग गेला. २००६ साली भारतातून आणि २०११ साली सगळ्या जगातून.

काय करायचे नाही, हेही त्याला शिकवतात. १९८४ च्या कायद्याप्रमाणे मदतनिसाने लहान कामे करायची, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सुट्टीत दादा घरी असताना वस्तीवरची एक गाय अडली. वासरू आडवे होते. दादाने बघितले आणि लगेच डॉक्टरांना फोन केला. पोट फाडून वासरू काढणे त्याच्या कामात बसत नाही. डॉक्टर यायला दीड तास लागला. गाय वाचली, वासरू मेले. त्या घरचे लोक अजून दादाला बोलतात, "मग शिकलास कशाला?" मला वाटते दादाचे बरोबर होते. चुकीचे ओढले असते तर गायही गेली असती. आई म्हणते, दादाचे बरोबर असेल, पण दीड तास लई होतो.

दादाच्या वर्गात मुलीही होत्या. मलाही हेच शिकायचे आहे. आमच्याकडे चार उस्मानाबादी शेळ्या आहेत. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, पण शेळी अजून उस्मानाबादीच आहे. ती पुष्कळदा जुळी करडे देते. माझे वह्या-दप्तर करडू विकूनच आले. गेल्या वर्षी शेजारची एक शेळी रात्री ज्वारीच्या राशीला लागली आणि सकाळी पोट टम्म फुगून पडली. दुपारी मेली. ती मावशीची एकुलती एक शेळी होती.

जनावर आजारी पडले तर १९६२ ला फोन करावा, त्याला पैसे पडत नाहीत. फोनवर गाव, तालुका सांगायचा. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो, तो वाचून ठेवावा. मग विचारतात, खाणे कधीपासून सोडले, काय खाल्ले होते, रवंथ करते का. शेण बघितले का, असेही विचारतात, म्हणून आधी बघून घ्यावे.

— इयत्ता ४ थी