सर्व्हर उठत नसेल तर आधी डिस्कच्या केबल काढा

घरच्या फाइल सर्व्हरसाठी कुठल्या हार्डडिस्क घ्यायच्या यावर लोक महिनोन्महिने खल करतात. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र टाकतात ड्रॉवरमध्ये पडलेल्या जुन्या पेनड्राइव्हवर. गिरगाव, दादर, परळच्या ओळखीपाळखीत मी असे सर्व्हर लावून देतो आणि बिघडल्यावर हाकही मलाच येते. सर्वांत आधी मान टाकतो तो बहुधा हा पेनड्राइव्हच.

लालबागच्या एका मित्राचा सर्व्हर ऐन गणपतीच्या तोंडावर बंद पडला. मंडळाचे जुने फोटो त्यातच. त्याने घाईघाईत ट्रूनॅस ही सर्व्हरची सिस्टिम नव्याने टाकायला घेतली. इन्स्टॉलरने डिस्कची यादी दाखवली, त्यातली नेमकी फोटोंची डिस्क त्याने निवडली आणि ती पुसली गेली. मिररमधली, म्हणजे तोच डेटा असलेली, दुसरी डिस्क शाबूत होती म्हणून फोटो वाचले. पेनड्राइव्ह मेला तेव्हा एकही फोटो गेला नव्हता. धोका आला तो नंतरच्या घाबरगुंडीतून.

पेनड्राइव्ह वापरा हा सल्ला एके काळी बरोबर होता. ट्रूनॅसचं जुनं रूप असलेलं फ्रीनॅस सुरू होताना मेमरीत जाऊन बसे आणि पेनड्राइव्हवर फारसं काही लिहीत नसे. 2014च्या अखेरीस आलेल्या 9.3 आवृत्तीपासून बूटच्या माध्यमावरही, म्हणजे सिस्टिम जिथून सुरू होते तिथेही, झेडएफएस ही फाइल सिस्टिम आली, लिहिणं वाढलं. आता ट्रूनॅसवालेही एसएसडीच वापरा म्हणतात, पण जुना सल्ला अजून तोंडोतोंडी फिरतोय. स्वस्त पेनड्राइव्ह तापतो, त्याच त्या जागी लिहून झिजतो आणि बहुतेकदा मरण्याआधी काही कळवतही नाही. शिवाय केबिनेटच्या मागे लटकलेला असल्याने झाडू मारताना धक्का बसतो तो वेगळाच.

त्यामुळे 120 किंवा 128 जीबीची साधी साटा एसएसडी घ्या. ट्रूनॅसला 16 जीबीही पुरतात आणि उरलेली जागा ते फाइलींसाठी देत नाही, तेव्हा मोठी घेऊन उपयोग नाही. साटाची सगळी पोर्ट भरली असतील तर मदरबोर्डवर एम.2ची जागा आहे का बघा. तीही नसेल तर छोटी एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून लावा. खरेदीला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाल तेव्हा पक्कं बिल घ्या. सेकंडहँड एसएसडी असेल तर स्मार्ट या डिस्कच्या तब्येतीच्या नोंदीत ती किती झिजली आहे ते दुकानातच पाहा.

ट्रूनॅसऐवजी ओपनमीडियाव्हॉल्ट ही सिस्टिम पेनड्राइव्हवरच चालवायची असेल तर लिहिणं कमी करणारं प्लगइन सुरू करा. अनरेड या सिस्टिमची गोष्ट वेगळी. ते वर्षानुवर्षे पेनड्राइव्हवरूनच चालत आलं आहे आणि परवाना सहसा त्या पेनड्राइव्हच्या ओळख क्रमांकाला बांधलेला असतो. तिथे नावाजलेल्या कंपनीचा अस्सल पेनड्राइव्ह घ्या, फुटपाथवरचा नको.

बेस्टच्या हद्दीत वीज फारशी जात नाही, म्हणून यूपीएसला लोक सरळ फाटा देतात. 12 ऑक्टोबर 2020ला मात्र सकाळी मुंबईभर वीज गेली होती. लिहिणं चालू असताना वीज गेली तर फटका बूटच्या माध्यमालाही बसू शकतो, म्हणून यूपीएस लावाच.

ट्रूनॅसमध्ये बूटसाठी दोन डिस्कचा मिरर करता येतो. घरासाठी मला तो खर्च अनाठायी वाटतो. त्याहून मोलाची आहे कॉन्फिगरेशनची फाइल. सेटिंग बदललं की ती उतरवून घ्या, उतरवताना सीक्रेट सीडच्या चौकटीत खूण करा आणि फाइल लॅपटॉपवर किंवा मेलमध्ये ठेवा. त्याच सर्व्हरवर ठेवलेली फाइल गरजेच्या वेळी हाती लागत नाही. डेटा किल्लीने एन्क्रिप्ट केला असेल तर ती किल्लीही उतरवून ठेवलीच पाहिजे. ती बूटच्या माध्यमावरच असते; ती गेली आणि प्रत नसली, तर धडधाकट डिस्कमधलाही डेटा उघडत नाही.

माध्यम मेलंच, तर मशीन बंद करून डेटाच्या सगळ्या डिस्कच्या केबल काढा. नव्या एसएसडीवर सिस्टिम टाका, मशीन पुन्हा बंद करा, डिस्क जोडा आणि कॉन्फिगरेशनची फाइल चढवा. ती नसली तरी पूल, म्हणजे डेटाच्या डिस्कचा गट, इम्पोर्ट करता येतो. फक्त युजर, शेअर वगैरे सेटिंग नव्याने करावी लागतात. आणि कुठली डिस्क कोणती हे गडबडीतही कळावं म्हणून प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर एका चिठ्ठीवर लिहून ती आजच केबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा.