ठासणीची बंदूक : काय करावे, काय टाळावे

अमेरिकेत सुट्या भागांचा डबा घरपोच येतो. नळी, घोडा, चाप, अर्धवट तासलेला दस्ता. मालक सुट्टीच्या दिवशी कानस घेऊन बसतो आणि ठासणीची बंदूक उभी करतो. तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात, काडतूस न लागणाऱ्या अशा नकला बंदुकीच्या व्याख्येतच बसत नाहीत. ते व्हिडिओ पाहून वाई-मिरजेतल्या कसबी हातांनाही खाज सुटते. ती कुठे भागवावी आणि कुठे आवरावी, एवढ्यापुरते हे.

टाळा : सुटे भाग मागवणे. आपल्या शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये शस्त्राचे भाग हेही शस्त्रच. म्हणजे एक स्क्रू न पिळताही घरात विनापरवाना हत्यार आलेले असते. जोडणी ही त्यापुढची पायरी. बनवणे आणि दुरुस्ती, दोन्हींना कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. विनापरवाना बनवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. ओळखीचा लेथवाला "करून देतो की" म्हणाला, तर त्यालाही हे वाचून दाखवा.

करा : भरीव नळीची प्रतिकृती. शिवजयंतीच्या मिरवणुकीला, नाटकाला, दिवाणखान्याला ती पुरते. नळीच्या जागी भरीव गज किंवा लाकूड, कान (बत्तीचे भोक) नुसता कोरलेला. खरी कारागिरी तशीही दस्त्यात आणि पितळी पट्ट्यांत असते. शिसवाचा दस्ता खांद्याला नीट बसेपर्यंत तासणे हेच महिन्याभराचे काम. मिरवणुकीत नेणार असाल तर पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवा.

करा : वाड्यातली जुनी बंदूक भरलेलीच आहे, असे धरून चाला. दस्ता किडला, घोडा गंजला, तरी नळीत बार असू शकतो, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. तपासायचे तर नळीच्या तोंडासमोर कोणी उभे राहू नये. आत लाकडी काठी हलकेच सोडा (लोखंडी गज नको), तोंडापाशी खूण करा आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून धरा. टोक कानापर्यंत पोचले पाहिजे. चार बोटे अलीकडे अडले, तर आत काहीतरी आहे. ते कुंभारमाशीचे घर असेल, चिंधी असेल, नाहीतर पणजोबांनी ठासलेला बार. कोणते ते आपण ठरवायचे नाही. टोकरू नका, तापवू नका, ठाण्यात कळवा.

टाळा : "जुनी आहे, तिला कसला परवाना" हे पालुपद. दुरुस्त करूनही चालणार नाही अशी कालबाह्य किंवा पुरातन बंदूक कलम ४५ प्रमाणे कायद्याबाहेर आहे, हे खरे. पण तो निवाडा ओसरीवर होत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या.

करा : जुने कागद योग्य जागी शोधा. १९४९ आधी वाळवा, तासगाव, खानापूर सातारा जिल्ह्यातच होते; सांगली, मिरज, जत ही संस्थाने. सांगलीच्या दप्तरात पणजोबांचा परवाना सापडत नाही म्हणून तो नव्हताच, असे समजू नका. चालू परवाना असेल तर निवडणुकीत जमा करण्याचा आदेश आल्यावर बंदूक वेळेत द्या आणि पावती जपा.

टाळा : दसऱ्याच्या आदल्या दिवशी घासून चकचकीत करणे. याने जेवढ्या नळ्या वाया गेल्या, तेवढ्या गंजानेही गेल्या नसतील. जुन्या देशी नळ्यांपैकी अनेक लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, एकजीव करून घडवलेल्या असतात. अंगावरची पाण्याच्या लाटांसारखी नक्षी हीच त्यांची ओळख. चिंच, लिंबू, पॉलिश पेपर लावला की ती गेली, आणि कोफ्तगारीची सोन्याची तार असेल तर तीही. कोरडे सुती कापड, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात, बस्स. गोडेतेल नको, ते चिकटून बसते. हळदकुंकू कागदाच्या पट्टीवर वाहा. ओले गंध नळीवर राहिले तर दिवाळीपर्यंत तिथे तांबडा डाग.

जावळी-पाटणच्या पावसात नळी जपावी लागते, जत-आटपाडीच्या उन्हात दस्ता. पावसाच्या भागात चामडी खोळ काढून टाका, ती ओल धरते. उन्हाच्या भागात लाकडाला मेण लावा.

टाळा : वरातीत, जत्रेत बार काढणे. हर्षाच्या गोळीबाराला आता दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय जुनी नळी फुटते ती उडवणाऱ्याच्याच तोंडासमोर.

टाळा : रानडुकरावर जुन्या बंदुकीचा प्रयोग. कोयना-चांदोलीच्या कडेला पीक उद्ध्वस्त होते, राग समजतो. पण वन्यजीव संरक्षण कायद्याचा गुन्हा वर कशाला? पंचनामा करून वनखात्याकडे भरपाई मागा.

करा : सांभाळणे जमत नसेल तर संग्रहालयाला विचारा. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे, औंधचे १९३८ चे श्रीभवानी संग्रहालय आहे. भंगारवाल्याला किंवा परदेशी गिऱ्हाइकाला देऊ नका. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, खासगी माणसाला ती देशाबाहेर धाडता येत नाही. देताना घराण्याचे नाव, गाव, बंदूक कोणाच्या हातात होती, हे कागदावर लिहून सोबत द्या.