धुआंधारवरचं अवचित ऊन

प्रश्न : जबलपूरच्या गोरखपूर भागातून भेडाघाटला फोटो काढायला जातो. ढग फाटून ऊन पडतं, पण कॅमेरा जुळवेपर्यंत सरतं. हा नशिबाचाच खेळ ना?

उत्तर : ऊन नशिबाचं, तयारी तुमची. १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपताना छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सना प्रकाशमापक सापडेना. पण चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती. तिच्यावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवलं. दुसरं छायाचित्र घेण्याआधीच ऊन गेलं. म्हणून भेडाघाटच्या धुआंधार धबधब्याशी पोचताच कॅमेरा गळ्यात हवा: अ‍ॅपर्चर एफ ८, शटर १/२५०, आयएसओ ऑटो. फेस आणि संगमरवर पांढरेफटक पडू नयेत म्हणून एक्स्पोजर किंचित उणे. तुषार पुसायचं कापड खिशात, बॅगेत नव्हे! अशानं फोटो साचेबद्ध होतील, हा आक्षेप मला पटत नाही. आकडेमोड आधीच उरकली की नजर चौकटीसाठी मोकळी राहते. रेशमी पाण्यासाठी ट्रायपॉड लागतोच, पण तो ऊन टिपून झाल्यावर उघडा.